टिपरच्या जोडचाकांना आत-बाहेर दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम डिस्क: शहाणपण की हौस?

धुरा_आणि_धूळ
मागे दोन अ‍ॅक्सल असलेल्या टिपरला मागच्या जोडचाकांच्या आठही डिस्क (टायर चढतो तो चाकाचा धातूचा भाग) अ‍ॅल्युमिनियमच्या घालाव्यात, या मताचा मी आहे. बाहेरच्या चार चकचकीत आणि आत लोखंड, हा निव्वळ दिखाऊपणा. २२.५ × ८.२५ मापाची लोखंडी डिस्क साधारण ३२ ते ३६ किलो भरते, घडीव अ‍ॅल्युमिनियमची २० ते २४. म्हणजे आठ डिस्कांमागे शंभरेक किलो वाचतात आणि तेवढा माल दर खेपेला जास्त नेता येतो. विरोधात काय असेल ते मांडा.

नटबोल्ट_नाना
शंभर किलो? हौद्याला चिकटलेली ओली माती कधी खरवडून तोलली आहे का?
वजन राहू दे, स्टडचं बोला, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून) बाहेर येणाऱ्या, नट बसणाऱ्या बोल्टांचं. लोखंडी डिस्कची हबला टेकणारी जाडी ११ मिमीच्या आसपास असते, अ‍ॅल्युमिनियमची २२ किंवा त्याहून जास्त. दोन डिस्क एकावर एक आल्या की २२ च्या जागी निदान ४४ मिमी. लोखंडी जोडीच्या स्टडवर नट चार-पाच आटे धरतो, नट आवळायची गन फिरते, टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) पाना ठरलेल्या जोराला टकटकतो आणि सगळं ठीक वाटतं. भार पडला की तेच आटे सोलून निघतात. म्हणून आतली डिस्क लोखंडी ठेवा, म्हणजे दोन्ही मिळून जाडी ३३ वर येते.

धुरा_आणि_धूळ
नाना, ३३ ला तरी जुना स्टड पुरतो असं कुणी सांगितलं? लोखंड-लोखंड, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम आणि अ‍ॅल्युमिनियम-अ‍ॅल्युमिनियम या तिन्ही जोड्यांना स्टडची लांबी वेगवेगळी लागते. हब उतरवायचंच आहे तर एकदाच योग्य लांबीचे घाला. जुने प्रेसवर काढायचे, नवेही प्रेसनेच बसवायचे, हातोड्याने नाही. स्टडचं डोकं तिरकं बसलं तर पहिल्या काही खेपांतच ते आणखी आत सरकतं आणि नट ढिला पडतो. पूर्ण कसल्यावर निदान दोन आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत.

पायलट_बघा
दोघंही स्टडवर अडलात. चाक हबवर केंद्रित होतं तिथे मध्य धरतात ते हबचे पायलट, म्हणजे बाहेर आलेले उंचवटे. स्टडचं काम फक्त आवळून धरायचं. लोखंडी जोडीसाठी घडवलेल्या हबचे पायलट आखूड असू शकतात. मग लांब स्टड घातले तरी बाहेरची डिस्क पायलटवर टेकतच नाही, नटांच्या भरवशावर लोंबते. आतली डिस्क चढवा आणि पायलट किती बाहेर उरलाय ते व्हर्नियरने मोजा. बाहेरच्या डिस्कला बसायला जागा उरत नसेल तर हबच बदलावं लागेल आणि तिथे शंभर किलोचा हिशेब संपला.
आणि हब जुन्या पद्धतीचं, म्हणजे गोल बैठकीच्या नटांचं असेल, तर वॉशरवाला चपटा नट त्यावर चालत नाही. त्यात आतल्या अ‍ॅल्युमिनियम डिस्कला वेगळा टोपी-नट लागतो आणि फेरतपासणीत बाहेरचा नट सैल केल्याशिवाय आतला कसता येत नाही.

गंज_नको
स्टड बदलायचे नसतील तर बाहीचे नट मिळतात. त्यांची बाही डिस्कच्या छिद्रात शिरते, त्यामुळे आखूड स्टडवरही आटे पुरतात. पण त्याला ३२ मिमी छिद्रांचीच डिस्क हवी, नेहमीची असते २६ ची. बर्मा लावून छिद्र मोठं करायचा विचारही करू नका, ती डिस्क भंगारात गेली समजा.

नटबोल्ट_नाना
आणि आतल्या डिस्कचं पांढरं पीठ होतं त्याचं काय? ब्रेकचा ड्रम बिडाचा, डिस्क अ‍ॅल्युमिनियमची, मध्ये चिखलपाणी. धातू एकमेकांना खातात. वर्षभराने डिस्क काढायला घण लागतो.

गंज_नको
तुमच्या आत-लोखंड-बाहेर-अ‍ॅल्युमिनियम जोडीतही दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतातच ना? फक्त जागा बदलली. इलाज मात्र एकच.
ड्रमचं तोंड आणि हब वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. लोखंडी डिस्कवर रंगाचे थरावर थर असतील तर तेही काढा, कारण कसल्यावर रंग दबतो आणि ताण उतरतो. एक पायलट वरच्या बाजूला, घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. ड्रम त्याच्या खाचेत पूर्ण गेलाय ना ते बोटाने चाचपा. तो कडेवर अडकला तर नट बरोबर टॉर्क दाखवतात आणि पहिल्या खड्ड्यात ड्रम खाली घसरून सगळं सैल होतं. ग्रीसचा पातळ हात फक्त पायलटवर. डिस्कच्या टेकणाऱ्या तोंडांवर काही लावायचं नाही, ना तेल ना ग्रीस. बाहेरची डिस्क चढवताना दोन्हींच्या खिडक्या (डिस्कमधली मोठी भोकं) जुळवा आणि हवेचे दोन व्हॉल्व्ह चाकाच्या विरुद्ध बाजूंना ठेवा, नाहीतर आतल्या टायरची हवा कुणी बघणार नाही. स्टडच्या शेवटच्या आट्यांवर दोन थेंब तेल, नट आणि त्याच्या वॉशरच्या मध्ये दोन थेंब. वरचा नट आधी, मग समोरासमोर जात सगळे ७० न्यूटन-मीटरला आणून डिस्क सरळ बसली का बघा. एम२२ × १.५ (२२ मिमी जाडीच्या, १.५ मिमी आट्याच्या) स्टडला शेवटचा टॉर्क ६१० ते ६८० न्यूटन-मीटर, पान्यानेच. गनने आवळून वर पाना लावला तर पाना लगेच टकटकतो, त्यातून कळत काहीच नाही. ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर परत तपासा.

पायलट_बघा
यात एक भर. नटापासून गंजाचे ओघळ निघालेले दिसले तर तो नट ढिला चाललाय. नुसता आवळून पुढे जाऊ नका, डिस्क उतरवून छिद्र लांबट झालंय का ते बघा. एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजारचेही बदला, दोन तुटले तर सगळे.

नटबोल्ट_नाना
बसवणं जमेलही, पण कड? भरल्या टिपरवर टायरचा काठ डिस्कच्या कडेवर सतत घासतो. मधे रेती गेली की अ‍ॅल्युमिनियमची कड झिजून सुरीसारखी होते आणि टायरच कापते. लोखंड इतकं झिजत नाही. जोडीत अडकलेला दगडही आधी त्या कडेलाच ओरखडतो.

धुरा_आणि_धूळ
कडेच्या झिजेचं मान्य. त्यासाठी बनवणारे मापक देतात, दर टायर बदलाला लावायचं. कड कठीण केलेल्या डिस्कही मिळतात. लोखंड मात्र वाकतं आणि तसंच चालवलं जातं.

नटबोल्ट_नाना
वाकलेलं निदान डोळ्यांना दिसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला केसासारखा तडा चिखलाखाली कोण शोधणार? आतली डिस्क तर महिनोन्‌महिने कुणी धूतही नाही. मी आत लोखंडच ठेवणार.

गंज_नको
ठेवा, पण बाहेरची अ‍ॅल्युमिनियम लावणार असाल तर जुने स्टड काढा. आणि ब्रेक जाम होऊन एखादी डिस्क तापून काळवंडली असेल तर ती परत चढवू नका. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद उतरते, बाहेरून चकचकीत केली तरी.