कमरेला लावायला .३२ : रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. पुणे पोलीस आयुक्तालयाकडून शस्त्रपरवाना मिळाला आहे. बोअर .३२ एनपीबी (म्हणजे निषिद्ध नसलेला बोअर), आणि शस्त्राच्या रकान्यात 'रिव्हॉल्व्हर/पिस्तूल' असं दोन्ही आहे. पंपाची रोकड रोज बँकेत भरावी लागते, ये-जा स्कूटरवर. अंगकाठी बारीक, पेहराव साधा शर्ट-पँट, जॅकेट फक्त थंडीत. डीलर म्हणतो डोळे झाकून रिव्हॉल्व्हर घ्या. पंपावरचे निवृत्त सुभेदार म्हणतात पिस्तूलच. व्हिडिओ बघावेत तर सगळे अमेरिकेतले, ९ मिमीवाले. इथल्या हिशेबाने सांगा: लपायला काय बरं, भरवशाचं काय, आणि पावसाळ्यात काय टिकतं?

खडकीकर
९ मिमी डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे तो निषिद्ध बोअर आहे, .३८ सुद्धा. त्यामुळे 'रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा, पिस्तुलात पंधरा' हा अमेरिकी वाद इथे लागूच होत नाही. तुमच्यासमोर सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि सात-आठ गोळ्यांचं .३२ पिस्तूल, एवढाच प्रश्न.

दोन्हींना .३२ म्हणत असले तरी काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग: शिशाची ९८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आत. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी: ७१ ग्रेनची गोळी, वेग पावणेतीनशेच्या आसपास. एक जड आणि सावकाश, दुसरी हलकी आणि वेगवान. मारात म्हणावा असा फरक नाही, तेव्हा त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका. मात्र पिस्तुलाचं काडतूस पुष्कळदा रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये बसतं आणि लोक ते उडवूनही बघतात. तसं करू नका. एसीपीचा ठरलेला कमाल दाब २०,५०० पीएसआय, लाँगचा १५,०००. मधून मोडणाऱ्या, म्हणजे बिजागरीवर नळी झुकवून उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरची खिट्टी त्याने ढिली पडते.

आता भरवसा. .३२ एसीपीच्या बुडाला अर्धवट कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. मग स्लाइड कितीही मागे ओढा, वरचं काडतूस पुढे सरकत नाही. मॅगझिन काढून, काडतुसं उपसूनच ते सुटतं, आणि रस्त्यावर तेवढा वेळ नसतो. लांबीला आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा राहते. गोल टोकाची पूर्ण जॅकेटवाली गोळी वापरावी, आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, ते बोटाने चाचपावं.

दुसरं दुखणं मॅगझिनच्या ओठांचं. मॅगझिन एकदा फरशीवर पडून ओठ वाकला की काडतूस तिरपं चढतं आणि नळीच्या तोंडाशी नाक अडकवून बसतं. आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झाली, त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलाचं अस्सल मॅगझिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा भाग) मिळणं दुरापास्त. मिळतात ती कुणीतरी घासून बसवलेली.

माझा मुख्य मुद्दा काडतुसांचा आहे. पिस्तुलावर विसंबायचं तर तेच मॅगझिन, तीच काडतुसं घेऊन निदान दीडशे-दोनशे राउंड विनाअडथळा झाडून बघायला हवेत. परवान्यावर लिहिलेल्या वार्षिक कोट्यात ते परवडत नाही, आणि काडतुसाचा भावही तुम्हाला डीलरने सांगितलाच असेल. रिव्हॉल्व्हरची परीक्षा पन्नासात होते, कारण त्याचं चालणं काडतुसाच्या जोरावर अवलंबून नाही. काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं चेंबर समोर येतं. वर्षातून दोनदाच रेंजवर जाणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावं.

दोन_नळी
खडकीकर नेहमीप्रमाणे रिव्हॉल्व्हरच्या बाजूने वकिली करून गेले :) दुसरी बाजू मांडतो.

जाडी. .३२ पिस्तूल एक इंचाच्या आसपास जाड, सपाट. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर सव्वा इंचाच्या पुढे, आणि ते नेमकं पट्ट्यावर येतं. बारीक अंगाच्या माणसाच्या शर्टाला तिथे फुगवटा दिसतोच. मूठही गोल, बाहेर डोकावणारी.

चाप. रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शन (एकाच ओढीत हॅमर चढवून सोडणारा) चाप पाच-सहा किलोचा असतो आणि लांब. पिस्तुलाचा अडीच-तीन किलो. ५०० ग्रॅमचं शस्त्र आणि पाच किलोचा चाप म्हटल्यावर सराव नसलेल्याचा हात हलणारच, उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे खाली जाते. 'सराव कमी, म्हणून रिव्हॉल्व्हर' हे अर्धसत्य आहे. चालवायला सोपं खरं, पण नेम धरायला तेच अवघड.

आणि रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही ही शुद्ध अफवा. काडतुसाची कॅप (बुडातली पेटणारी टोपी) जराशी वर आलेली असेल तर सिलिंडर फिरता फिरत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण गेले की सिलिंडर नीट बंद होत नाही. मोडणारं रिव्हॉल्व्हर अर्धवट उघडलं तर रिकाम्या पुंगळीची कड चांदणीखाली घसरते. ती नखाने काढत बसा. एका दमात, पूर्ण, नळीचं तोंड वर ठेवून उघडलं की सहाही पुंगळ्या झटक्यात बाहेर पडतात.

सगळ्यात वाईट प्रकार अर्ध्यात अडकलेल्या गोळीचा. जुनं, ओल लागलेलं काडतूस 'फुस्स' करतं आणि शिशाची गोळी नळीतच राहते. पिस्तुलात बहुतेकदा स्लाइड मागे जात नाही, म्हणून आपसूक थांबता येतं. रिव्हॉल्व्हरमध्ये खडकीकर म्हणतात तसा चाप परत ओढला तर दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर थांबायचं, मोकळं करायचं, नळीत बघायचं. नुसता 'टक' झाला तर रेंजवर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं.

खडकीकर
फुसक्या आणि अडकलेल्या गोळीतला फरक बरोबर, मी तो सांगायला हवा होता. बाकी नेमाचं म्हणाल तर प्रसंग पाच-सात मीटरचा असतो. तिथे डबल ॲक्शन शिकता येतं, आणि काडतूस न जाळता. शस्त्र दोनदा तपासून रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबरमध्ये डमी घाला. जुन्या मॉडेलमध्ये कॅपवर आपटणारी पिन हॅमरलाच असते, ती कोरडी आपटून तुटते. माशीवर, म्हणजे पुढच्या साइटवर, नाणं ठेवून चाप एकसलग मागे आणा. नाणं पडलं नाही तर हात बसला. मध्ये थांबून 'आता सुटेल' असा अंदाज घेत ओढू नका, तीच सवय लागते.

अनघा_क
एक मुद्दा राहिला, मनगटाचा. .३२ पिस्तुलं साधी ब्लोबॅक असतात. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगच दाब थोपवते. म्हणून गोळी छोटी असूनही स्प्रिंग ताठ. घामेजल्या हाताने ती मागे ओढून बघा, दुकानातच. स्लाइडचे खाचे उथळ असतील तर बोटं सटकतात. ज्यांना संधिवात आहे किंवा पकड कमी आहे त्यांना हेच पहिलं नडतं. उलट डबल ॲक्शन चाप ओढायला फक्त तर्जनीत जोर हवा, आणि तोही सर्वांकडे नसतो. त्यामुळे वजनाचे आकडे वाचून ठरवू नका. कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमच्या आसपास. प्रबल ६७५ ग्रॅम, ७६ मिमी नळीचं, सिलिंडर बाजूला उघडणारं. हलकं खिशाला बरं वाटतं, पण जड शस्त्र हातात कमी उडतं आणि चाप ओढताना कमी हलतं. स्कूटरवर रोज न्यायचं असलं तरी मी पावणेसातशे ग्रॅमच्या बाजूने.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे आभार. पिस्तूल घेतलं तर चेंबर रिकामं ठेवून न्यायचं का? सुभेदार म्हणतात तसंच ठेवा.

दोन_नळी
मी पिस्तूलवाला असूनही सांगतो, जुन्या बनावटीचं असेल तर हो. अनेक जुन्या डिझाइनमध्ये पिन अडवणारी वेगळी यंत्रणा नाही. चेंबर भरून, कॉक करून, सेफ्टी लावून नेलेलं पिस्तूल सेफ्टीच्या एका दट्ट्यावर विसंबतं, आणि तो शर्टात घासून खाली येऊ शकतो. पण चेंबर रिकामं म्हणजे वेळ आली की दोन्ही हात हवेत. तुमच्या एका हातात रोकडीची बॅग असणार. ही रिव्हॉल्व्हरची खरी जमेची बाजू, मान्य.

रिव्हॉल्व्हरमध्येही हॅमर आणि कॅप यांच्यामध्ये अडथळा आहे का ते डीलरकडून उघडून बघून घ्या. नसेल तर पाच भरून हॅमर रिकाम्या चेंबरवर ठेवायचा.

शिवाजीनगर_कोर्ट
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे हँडगन सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या प्रत्यक्ष ताब्यात हवं. म्हणजे लपवून नेणं ही हौस नसून अटच आहे. स्कूटरच्या डिकीत ठेवून चहाला गेलात तर ताबा सुटला. वरातीत किंवा सत्यनारायणाला हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची केली.

स्वसंरक्षण आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये. जबरी चोरीच्या वेळी हा हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा नको ही मर्यादा कायम. बॅग हिसकावून पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातलीत तर मग आमच्याकडेच यावं लागेल. परवान्यावरचं क्षेत्रही वाचा, महाराष्ट्र आहे की अखिल भारतीय.

खडकीकर
होल्स्टरबद्दल, कारण इथे लोक लाखाचं शस्त्र आणि चारशेचं होल्स्टर घेतात. चापाची चौकट पूर्ण झाकणारं, तोंड मोकळं उभं राहणारं घ्या. तोंड मिटणारं मऊ कातडं आत दुमडलं गेलं की तेच चाप दाबतं. पट्टा दीड इंची, दोन थरांचा. रिव्हॉल्व्हर परत आत घालताना अंगठा हॅमरवर ठेवायचा. शर्टाचं टोक चापात अडकलं असेल तर हॅमर अंगठ्याखाली उचलल्याचं लगेच कळतं. पिस्तुलात ही सोय हॅमर बाहेर असलेल्यांतच मिळते. हॅमरचा काटा काढताना शर्टात अडकतो, तेव्हा आधी शर्ट पूर्ण वर, मग मूठ.

स्कूटरवर जागा उजव्या कुशीच्या किंचित मागे. पोटाशी लावलं तर बसल्यावर नळी मांडीवर रोखली जाते, आणि नेमकं मणक्यावर लावलं तर घसरून पडल्यावर काय होईल सांगायला नको.

पावसाळा: जून ते सप्टेंबर घरी आल्यावर रोज बाहेर काढायचं, सुक्या फडक्याने पुसायचं, मग तेलाचा हलका हात. रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलं तर ओल धरून ब्ल्यूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) तांबूस ठिपके येतात. सिलिंडरच्या खाचा आणि मुठीच्या फळ्यांखालचा भाग विसरला जातो, घाम तिथेच मुरतो. काडतुसांना तेल अजिबात लावू नका, कॅपमध्ये मुरलं की काडतूस मेलं. पुंगळीवर हिरवा कळंक दिसला तर ते बाजूला. रोज अंगावर असलेली सहा काडतुसं वर्षाने रेंजवर झाडून टाकायची आणि नवी भरायची. केएफ शिक्क्याची, आपल्या खडकीच्या कारखान्यातली घेतलीत तरी हेच.

पर्वतीपायथा
बऱ्यापैकी ठरलं, रिव्हॉल्व्हर. नवं प्रबल बघतो, पण डीलरकडे एक जुनं वेब्लीही (मधून मोडणारं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर) आहे, भाव चढा आहे पण हातात छान बसतं. जुनं घेताना काउंटरवर काय तपासू?

दोन_नळी
आधी उघडून सहाही चेंबर रिकामी, मग पुढचं.

सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून हॅमर अंगठ्याने सावकाश चढवा. सहाही चेंबरला, हॅमर पूर्ण चढण्याआधी सिलिंडर 'टिक्' होऊन बसलं पाहिजे. एखाद्या चेंबरला उशीर झाला तर गोळी नळीच्या कडेला घासून शिसं उडवणार. मग हॅमर धरून हळूच उतरवा आणि चाप पूर्ण दाबलेलाच ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. अशा वेळी ते जवळपास घट्ट हवं. चाप सोडल्यावर थोडं डुगडुगलं तर चिंता नाही, वेब्लीत तेवढं असतंच.

टॅपेट सेट करायचं फिलर गेज कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतं, ते सोबत न्या. सिलिंडर आणि नळीमधली फट ०.१० ते ०.२० मिमी चांगली. ०.३० ची पट्टी आरामात गेली तर सोडून द्या.

मोडणाऱ्यात खरी झीज खिट्टीची आणि बिजागरीच्या पिनेची. बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून वर-खाली हलवा. 'कट-कट' आवाज आला तर नको, भाव कितीही उतरवला तरी. शेवटी नळीत टॉर्च मारून बघा. मध्येच अंगठीसारखी गडद पट्टी दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकून दुसरी मागून बसलेली आहे. डीलर गेज लावू देत नसेल तर प्रबलच घ्या.