मार्केरियन 421 चा क्ष-किरण आलेख: अकरा तासांची लय खरी धरू का?

गावभाग_सांगली

नमस्कार. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दिवाळीच्या सुट्टीपासून ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीचा खुला डेटा उघडून बसलेय. मार्केरियन 421 या दीर्घिकेची, त्यातल्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपने घेतलेली, साधारण दीड दिवसाची निरीक्षणं आहेत. आलेख काढला आणि दोन गोष्टींवर अडले.

एक, पाच तासांत काउंट रेट (दर सेकंदाला टिपलेले क्ष-किरण) जवळजवळ दुप्पट झाला. ही दीर्घिका सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षं लांब आणि तिच्या मधलं कृष्णविवर कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं. एवढं मोठं धूड पाच तासांत कसं बदलेल?

दोन, साधारण अकरा-अकरा तासांनी तीन उंचवटे दिसतात. लॉम्ब-स्कार्गल, म्हणजे तुटक नोंदींत लय शोधायची पद्धत, तिच्यातही तिथेच शिखर येतं. ही खरी लय असेल का? चांगल्या विद्यार्थ्यांना दाखवायचंय, म्हणून चुकीचं सांगायची भीती वाटते.

थोडं घरचं सांगते. माझे बाबा पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वहीत लिहायचे. तारीख, वेळ, फूट, इंच. 2019 ला घरात पाणी शिरलं तेव्हा आईने रेशन कार्ड आणि घराची कागदपत्रं उचलली, बाबांनी ती वही. हा आलेख पहिल्यांदा स्क्रीनवर आला तेव्हा मला वहीची पानंच आठवली. चढ, उतार, मध्येच न लिहिलेल्या रात्री.

कराडचा_पुण्यात

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या नदीतच आहे. कोयनेतून विसर्ग वाढवला म्हणून आयर्विनला त्या क्षणी पाणी चढत नाही. वर काय झालं ते पाण्याच्या वेगानेच खाली कळतं. तिथे दीर्घिकेत ते जास्तीत जास्त प्रकाशाच्या वेगाने कळेल. एखादा भाग पाच तासांत दुप्पट उजळला, तर तो पाच प्रकाशतासांहून फार मोठा नसणार. म्हणजे 540 कोटी किलोमीटर. सूर्य ते नेपच्यून अंतर 450 कोटी आहे, त्यावरून अंदाज घ्या. अख्खी दीर्घिका बदलत नाहीये, तिच्यातला एक कोपरा बदलतोय.

पण हा हिशोब अर्धाच झाला. मार्केरियन 421 हा ब्लेझार आहे. त्याच्या कृष्णविवराजवळून निघणारा द्रव्याचा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला आहे आणि त्यातला द्रव्याचा गोळा प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगाने येतोय. त्याने एक किरण सोडला की तो त्या किरणाच्या मागोमागच धावतो. पुढचा किरण निघेपर्यंत त्याला आपल्याकडे यायला अंतर कमी उरलेलं असतं, म्हणून दोन्ही किरण इथे थोड्याच फरकाने पोचतात. डॉप्लर गुणक, म्हणजे काळ किती पट आखडलेला दिसतो तो आकडा, 20 धरला तर गोळ्याच्या घड्याळात 100 तास चाललेली गोष्ट आपल्याला पाच तासांत दिसते. मग त्या भागाची मर्यादा 10,000 कोटी किलोमीटरच्या पुढे जाते. झोत बाजूने दिसत असता तर हा वेग दिसलाच नसता.

याच्याही पुढची गंमत म्हणजे पीकेएस 2155-304 हा दुसरा ब्लेझार. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी 28 जुलै 2006 ला त्याच्या गामा किरणांत काही मिनिटांत होणारे बदल पकडले. तिथे गुणक 20 धरूनही हिशोब जमत नाही, फार मोठा घ्यावा लागतो. नाहीतर झोताच्या आत आणखी लहान, आणखी वेगवान गोळे मानावे लागतात. मी एम.एस्सी.ला असताना तो आलेख पाहिला आणि विषय बदलला.

माहुली_संगम

क्ष-किरण झोतातूनच येतात हे कशावरून? कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीजवळून का नाही?

कराडचा_पुण्यात

रास्त प्रश्न. सेफर्ट दीर्घिकांत (त्यांचंही केंद्र तेजस्वी, पण असा झोत आपल्याकडे रोखलेला नसतो) ते बहुतेक चकतीजवळच्या तप्त भागातूनच येतात. मार्केरियन 421 मध्ये मात्र झोताचा उजेड इतका जास्त आहे की बाकी सगळं झाकून जातं. चुंबकक्षेत्रात फिरणारे, सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन हे क्ष-किरण देतात. इलेक्ट्रॉनची ऊर्जा जितकी जास्त तितका तो लवकर निवतो, म्हणून क्ष-किरणांत चढउतार जोरात आणि दृश्य प्रकाशात संथ. आणि आता ध्रुवीकरणही, म्हणजे किरणांच्या लहरी कोणत्या दिशेत हलतात तेही, मोजलंय. डिसेंबर 2021 ला सुटलेल्या आयएक्सपीई उपग्रहाला जून 2022 मध्ये याच मार्केरियन 421 च्या क्ष-किरणांची ध्रुवीकरणाची दिशा काही दिवसांत गोल फिरताना दिसली. झोतात मळसूत्रासारखं चुंबकक्षेत्र असावं, त्याचा हा ठसा.

यवतेश्वर_रात्र

मी साताऱ्याचा. यवतेश्वरच्या वर दहा इंची दुर्बीण लावतो. सप्तर्षींतल्या 51 नंबरच्या ताऱ्याच्या अगदी शेजारी हा ठिपका आहे, तेराव्या प्रतीच्या आसपास. एप्रिलच्या रात्री डोक्यावर असतो. ताई, मुलांना घेऊन या. आलेखातला ठिपका एकदा डोळ्यांनी बघू दे.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ॲस्ट्रोसॅट सुमारे 98 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वी आड येते. तुमच्या न लिहिलेल्या रात्री त्या याच. तेव्हा 98 मिनिटांना किंवा त्याच्या निम्म्याला शिखर आलं तर ते सरळ सोडून द्या.

पण अकरा तासांवरही मी विश्वास ठेवणार नाही. ब्लेझारचे चढउतार रेड नॉईज प्रकारचे असतात, जितका काळ लांब तितका चढउतार मोठा. अशा आलेखात दोन-तीन गुळगुळीत उंचवटे आपोआप येतात आणि डोळ्याला लय वाटते. वडिलांच्या वहीत बघा. 2005 चा महापूर, मग 2019 चा. तेव्हा कुणी चौदा वर्षांचं चक्र मांडलं असतं तर लोकांना पटलंही असतं. मग 2021 आलं. तीन उंचवटे म्हणजे दोनच अंतरं. त्यावर लय उभी करू नका.

करून बघायचं असेल तर तुमच्या डेटाचाच पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या कालावधीला किती चढउतार, त्याचा आलेख) घ्या, त्याच उताराचे हजार खोटे आलेख तयार करा, त्यांना तुमच्याच जागी भोकं पाडा आणि किती जणांत तुमच्याएवढं शिखर येतं ते मोजा. पांढऱ्या नॉईजवरून, म्हणजे सगळ्या कालावधींना सारखाच चढउतार मानून, काढलेली खात्रीची टक्केवारी इथे चालत नाही. ही चूक छापून आलेल्या लेखांतही सापडते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

गावभाग_सांगली

दोघांचेही आभार. चार रात्री लागल्या, जुना लॅपटॉप तापून दोनदा बंद पडला, पण हजार आलेख झाले. कितीतरी आलेखांत माझ्यापेक्षा उंच शिखर आलंय, काहींत तर चार उंचवटे अगदी समान अंतरावर. मुलांना आधी या खोट्या आलेखांत माझा खरा मिसळून दाखवला, खरा कोणता ते न सांगता. एकालाही ओळखता आला नाही. अकरा तास वहीतून खोडले.

पाच तासांतली दुप्पट मात्र टिकली. एरर बार, म्हणजे मोजणीतली संभाव्य चूक, तिच्या जवळपासही नाहीत.

आता काउंट दोन भागांत वेगळे केलेत, 2 केईव्ही (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप) च्या खालचे आणि वरचे. वरचे आधी चढतात असं वाटतंय, पण फरक माझ्या बिनपेक्षा, म्हणजे काउंट एकत्र मोजायच्या वेळेच्या तुकड्यापेक्षा, लहान आहे. बिन लहान करू, की फेऱ्यांमधल्या भोकांमुळे हे मोजताच येणार नाही? आणि यवतेश्वरचे दादा, एप्रिलमध्ये नऊ मुलं येतील. रात्री परतायला एसटी नाही, तर मुक्कामाची सोय कुठे होईल?