प्रति: हा चाकवतच आहे का?

गव्हातल्या तणाचा फोटो टाकून हा चाकवतच आहे का असं तुम्ही विचारलंय, पण तो बघून मला तरी हे केनोपोडियम म्युराल, म्हणजे चाकवताचं जवळचं भावंड वाटतंय (आता त्याला केनोपोडिअ‍ॅस्ट्रम म्हणतात, नावं बदलायची हौस!), पान गडद, चकचकीत आणि दाते चांगलेच अणकुचीदार आहेत, चाकवताचं पान एवढं चकाकत नाही. पांढरी पूड म्हणाल तर ती दोघांच्याही कोवळ्या शेंड्यावर असते, तेवढ्यावर जाऊ नका. खात्री करायची तर पिकलेलं बी भिंगाखाली धरा, म्युरालची कड धारदार लागते, चाकवताची बोथट नि बी बऱ्यापैकी गुळगुळीत. पानाचे तीन भाग, मधला लांबट असेल तर केनोपोडियम फिसिफोलियम, चाकवताचंच आणखी एक भावंड, त्याच्या बीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात. आणि चुरगळल्यावर उग्र वास सुटला तर डिस्फेनिया (चाकवताच्याच कुळातली वासाची झाडं) असू शकतं, भाजीत घालू नका.