मदत हवी आहे : सहावीच्या मुलांना ‘हवा’ आणि ‘हवामान’ वेगळं कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात सहावीला भूगोल शिकवतो.

व्याख्या सरळ आहे. ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा. अनेक वर्षांच्या नोंदींतून निघते ती सरासरी स्थिती म्हणजे हवामान. फळ्यावर लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरची मुलगी उठली, “सर, हवामान म्हंजे लय वर्साचं, तं हवामान खातं उद्याचा पाऊस काहून सांगते?”

प्रश्न बिनतोड आहे. आपण सगळेच ‘आज हवामान ढगाळ आहे’ म्हणतो, आणि ‘हवा’ म्हटलं की मुलांना सायकलच्या ट्यूबमधली आठवते. शेवटी नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, कामी आला. त्यात एका दिवशी ४४ अंश होतं ही हवा. आपल्याकडे दरवर्षी मे महिना भाजून काढतो आणि मृगाच्या सुमारास पाऊस येतो हे हवामान. एवढं पटलं. पण लगेच दुसरा, “औंदा मृग कोरडा गेला. मंग हवामान बदललं का?” त्याला किमान ३० वर्षांच्या नोंदी लागतात, हे मी सांगितलं. पण अकरा वर्षांच्या पोराला ३० वर्षं दाखवायची कशी?

शिवाय वऱ्हांड्यात टिनाखाली तापमापक टांगला होता. त्यात ४७, पेपरात ४३. मुलं म्हणाली, पेपर खोटा. कमी खर्चात नीट नोंदी कशा घ्यायच्या, कुणी सांगाल का?

प्रतिसाद :
सर, तुमचा तापमापक टिनाची धग मोजतो आहे, हवेचं तापमान नाही. वेधशाळेत तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. पेटी मोकळ्या जागी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेकडे, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. जुन्या खोक्याला फटी ठेवून चुना मारला तरी शाळेपुरतं भागेल.

पावसासाठी सरळ भिंतीची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा बसवा. तळ खडबडीत असतो, तो बुडेल इतकं पाणी आधी ओता आणि तिथे शून्य आखा. हे राहिलं की सगळे आकडे चुकतात. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याची वेळ तीच.

३० वर्षांसाठी तहसीलात पावसाच्या जुन्या नोंदी विचारून बघा. एकेका मुलाला एकेक वर्ष द्या आणि १०० मिमीला १ सेंमी या हिशेबाने कागदाची पट्टी कापायला लावा. पट्ट्या भिंतीवर ओळीने चिकटवून सरासरीच्या उंचीवर दोरा ताणा. समजा सरासरी ९०० मिमी आहे. ३० पैकी सरासरीएवढ्या एका वर्षाच्या जागी ६०० चं वर्ष आलं, तर पट्टी ३ सेंमीने आखूड दिसेल, पण दोरा फक्त १ मिलिमीटर खाली येईल. मृग कोरडा गेला म्हणणाऱ्या पोरालाच तो दोरा सरकवायला लावा.

मूळ लेखक :
मनापासून आभार! दोऱ्याचं उद्याच करतो. बाटली आजच पुरली. ७५ ते १०० मिमी पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, पण गावात मोजतं कोण? बाटली पुरताना एका पोराचा बाप कुंपणाशी येऊन उभा राहिला. “गुरुजी, किती झाला ते रोज पोराजवळ सांगत जा. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलं हाये.”