ज्याचे त्याला: सिसेरो आणि ऑगस्टिन

ग्रीक-रोमन विचारवंतांनी न्याय सांगितला आणि ख्रिस्ती श्रद्धेने त्याच्या जागी दया आणून बसवली, हे मत मला पटत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती बिशप ऑगस्टिन याच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा 19 वा खंड पाहावा. न्याय नाही तिथे प्रजाराज्यही (सर्व प्रजेचे असे राज्य) नाही, हा रोमन विचारवंत सिसेरोचा सिद्धांत आणि ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, ही जुनी समजूत, या दोन्हींना धरूनच तो विचारतो की, एकाने विकत घेतलेले शेत काढून हक्क नसलेल्या दुसऱ्याला देणारा माणूस जर अन्यायी, तर ज्या देवाने घडवले त्याच्यापासून स्वतःलाच काढून घेऊन दुष्ट आत्म्यांची (त्याच्या मते रोमच्या देवतांची) सेवा करणारा न्यायी कसा? व्याख्या तीच राहिली. ज्यांचे देणे लागतो त्यांच्या हिशेबात देवही आला, आणि त्या मापाने रोम कधीच प्रजाराज्य नव्हते. इ.स. 410 साली लुटल्या गेलेल्या रोमविषयी, पुढच्या दोन दशकांच्या आतच, हे लिहिणे धाडसाचे होते. मात्र याच खंडात पुढे, ज्यांच्या प्रेमाचे विषय एक आहेत असा जनसमूह म्हणजे प्रजा, अशी दुसरी व्याख्या करून तो रोमला प्रजाराज्य म्हणून मान्यताही देतो. माझ्या मते ही सवलत फार मोलाची आहे, कारण तिच्यामुळेच देवाला न मानणाऱ्या राज्यातही ख्रिस्ती माणसाला सर्वांच्या शांततेसाठी मनापासून झटता येते.