व्हाइट हाउस फार्म, 1985: सायलेन्सर बाजूला ठेवला, तर जेरेमी बॅम्बरविरुद्ध काय उरते?

पिंपळपान (प्रश्न)

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात टॉलेशंट डार्सी या गावाजवळ असलेल्या व्हाइट हाउस फार्म या शेतावरच्या घरात 7 ऑगस्ट 1985 रोजी सकाळी पाच मृतदेह सापडले. नेव्हिल आणि जून बॅम्बर हे 61 वर्षांचे दांपत्य, त्यांची 28 वर्षांची दत्तक मुलगी शीला कॅफेल आणि शीलाची सहा वर्षांची जुळी मुले, डॅनियल व निकोलस. सर्वांना .22 कॅलिबरच्या एकाच अर्धस्वयंचलित रायफलमधून गोळ्या घातल्या होत्या, आणि ती रायफल शीलाच्या अंगावर पडलेली होती. दारे आतून बंद होती. शीलाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिला रुग्णालयात ठेवावे लागले होते. त्यामुळे तिने घरच्यांना मारून स्वतःला संपवले, असाच पोलिसांचा पहिला ग्रह झाला.

पोलिसांना खबर दिली होती ती बॅम्बर दांपत्याच्या 24 वर्षांच्या दत्तक मुलाने, जेरेमीने. तो तीन-साडेतीन मैलांवरच्या गोल्डहँगर गावात राहत असे. त्याचे म्हणणे असे की, वडिलांनी रात्री फोन करून सांगितले की शीलाचे भान सुटले आहे आणि तिच्या हातात बंदूक आहे, आणि मग फोन तुटला. पुढे सप्टेंबरमध्ये त्याच्या मैत्रिणीने, ज्युली मगफर्डने, पोलिसांकडे जाऊन तो घरच्यांना मारण्याचे बेत कित्येक महिने बोलून दाखवत होता असा जबाब दिला, आणि तपासाची दिशा पालटली. ऑक्टोबर 1986 मध्ये चेम्सफर्डच्या न्यायालयात ज्यूरीने दहा विरुद्ध दोन मतांनी त्याला दोषी ठरवले. तो आजही तुरुंगात आहे आणि आजही आपण निर्दोष असल्याचे सांगतो.

माझा प्रश्न नेमका आहे. खटल्याचा कणा होता तो रायफलचा सायलेन्सर, म्हणजे आवाज दाबण्यासाठी नळीच्या टोकाला लावायचे उपकरण; तो पुढे खालच्या मजल्यावरच्या बंदुकीच्या कपाटात सापडला. त्यात सापडलेले रक्त शीलाच्या रक्तगटाशी जुळते, म्हणजे तिला गोळी लागली तेव्हा सायलेन्सर नळीवर होता. तो लावलेला असताना रायफल इतकी लांब होते की स्वतःच्या गळ्यावर नळी टेकवून घोड्यापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. आणि मेलेली बाई खाली जाऊन सायलेन्सर कपाटात ठेवून येऊ शकत नाही. हे तर्कशास्त्र अभेद्य आहे, पण ते सगळे त्या एका वस्तूवर उभे आहे. ती वस्तू वादातून बाजूला काढली, तर उरलेल्या पुराव्यावर तुम्ही या माणसाला दोषी ठरवाल का? ‘त्यानेच केले असावे’ आणि ‘त्याने केल्याचे सिद्ध झाले’ यांतला फरक राखून उत्तरे द्यावीत, ही विनंती.

रानजाई

मी ठरवीन, आणि त्यासाठी मला सायलेन्सरची गरजही वाटत नाही.

सर्वप्रथम स्वयंपाकघराकडे पाहा. नेव्हिल बॅम्बर हे सहा फूट चार इंच उंचीचे, शेतीत राबलेले गृहस्थ होते. त्यांना आठ गोळ्या लागल्या होत्या आणि त्याखेरीज बंदुकीच्या दस्त्याने त्यांना बेदम मारले होते, इतके की दस्ता मोडला. खुर्च्या उलथलेल्या, दिव्याचे झाकण फुटलेले, अशी त्या खोलीची अवस्था होती. ही झटापट सडपातळ शीलाने केली असे मानायचे, तर तिच्या अंगावर त्या झटापटीच्या खुणा उमटायला हव्या होत्या. प्रत्यक्षात तिची वाढवलेली नखे शाबूत होती, तळपाय स्वच्छ होते आणि गळ्यावरच्या दोन गोळ्यांखेरीज तिला सांगण्यासारखी जखम नव्हती. एकंदर 25 गोळ्या झाडल्या गेल्या. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात, म्हणजे निदान दोनदा ते पुन्हा भरावे लागले. ही काडतुसे हाताळणाऱ्याच्या बोटांना शिसे लागते, आणि शीलाच्या हातांवर ते जवळजवळ नव्हतेच. हा पुरावा वैद्यकीय आणि प्रयोगशाळेतला आहे. मगफर्डवर विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्याला धक्का लागत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. बहिणीच्या हातात बंदूक आहे आणि घरात आई-वडील व दोन लहान मुले आहेत असे मध्यरात्री कळल्यावर माणूस 999 हा तिथला आणीबाणीचा क्रमांक फिरवतो. जेरेमीने चेम्सफर्डच्या ठाण्याचा क्रमांक शोधून तिथे फोन केला, त्याच सुमारास मैत्रिणीलाही फोन केला, आणि गाडी इतकी सावकाश हाकली की वाटेत पोलिसांची गाडी त्याला मागे टाकून पुढे गेली.

पैशाचा हेतूही होताच. वारसाहक्काने येणारी मालमत्ता चार लाख पौंडांच्या वर होती, आणि खुनांच्या काही महिने आधी त्याने कुटुंबाच्याच कॅरव्हॅन तळाच्या कचेरीत चोरी केली होती, हे त्याने स्वतः कबूल केले आहे. शेवटी तो दत्तक मुलगा होता, आई-वडिलांशी रक्ताचे नाते नव्हते. त्या घराबद्दल त्याला ओढ नसावी यात मला नवल वाटत नाही.

तळटीप

रानजाई यांनी मांडलेला शारीरिक पुरावा वजनदार आहे हे मान्य. पण तो पुरावा गोळा कसा झाला हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन ठरवता येणार नाही.

पहिल्या दिवसापासून प्रकरण आत्महत्येचे मानले गेल्यामुळे घटनास्थळाची जी हेळसांड झाली, तिला तोड नाही. रक्ताने माखलेले गालिचे आणि अंथरूण-पांघरूण काही दिवसांतच पोलिसांनी जाळून टाकले. जेरेमीचे त्या रात्रीचे कपडे वेळेवर तपासले गेले नाहीत, त्यामुळे त्याच्यावर रक्त सापडले नाही या गोष्टीचा आरोपीला उपयोग नाही आणि सरकार पक्षालाही नाही. मृतदेहांवर अंत्यसंस्कार होऊन गेले. पुढे 1996 मध्ये तर खटल्यातील मुद्देमालाचा बराचसा भाग पोलिसांकडूनच नष्ट झाला. एखादा माणूस जन्मभर ‘पुन्हा तपासा’ म्हणत असताना तपासायची वस्तूच शिल्लक ठेवली नाही, हे मला फार गंभीर वाटते.

सायलेन्सरचेच घ्या. पोलिसांनी बंदुकीचे कपाट पाहिले होते, तेव्हा तो त्यांच्या नजरेत भरला नाही. तो सापडला तीन दिवसांनी, 10 ऑगस्टला, जूनबाईंच्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे जेरेमीच्या मावसभावाला. जेरेमी दोषी ठरला तर मालमत्ता ज्यांच्याकडे जाणार होती, त्यांपैकीच ही शाखा. त्यांनी काही कारस्थान केले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण आपल्याकडे पंचांच्या गैरहजेरीत, हितसंबंधी नातेवाइकाने जप्त केलेली वस्तू न्यायालयापुढे आली, तर तिची किती कसून उलटतपासणी होईल याचा विचार करा. सायलेन्सरला चिकटलेला एक करडा केस प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच गहाळ झाला. आतल्या रक्ताची चाचणी डीएनएपूर्व काळातली, रक्तगटाची होती. ते रक्त नेव्हिल आणि जून यांच्या रक्ताचे मिश्रण असू शकते, हा बचाव पक्षाचा पर्यायी खुलासा होता. ज्यूरीनेही विचारविनिमय चालू असताना याच रक्ताविषयी न्यायाधीशांकडे पुन्हा विचारणा केली होती. पुढे डीएनए चाचणी झाली तेव्हा जूनबाईंचा अंश मिळाला, शीलाचा असू शकेल इतपतच म्हणता आले, आणि अपील न्यायालयाने 2002 मध्ये ते निष्कर्ष अपुरे व निरर्थक ठरवले.

मगफर्ड यांच्या जबाबाबद्दल इतकेच म्हणतो की, तो नाते तुटल्यानंतर आला आणि निकालानंतर त्यांनी आपली कहाणी एका वृत्तपत्राला 25,000 पौंडांना दिली. त्यामुळे जबाब खोटा ठरत नाही. पण त्या एकटीच्या शब्दावर जन्मठेप देताना माझा हात अडखळेल.

ओसरी

रानजाई, तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या घरात दत्तक मुले दोन होती. जेरेमी जितका दत्तक, तितकीच शीलाही दत्तक. दोघांचे जन्मदाते वेगळे, दोघांनाही बॅम्बर दांपत्याने तान्हेपणी घरी आणले. संशय या दोघांपैकी एकावरच येऊ शकतो, अशीच या खटल्याची रचना आहे. मग दत्तक असणे हे जेरेमीविरुद्ध जितके बोलते तितकेच शीलाविरुद्धही बोलते, म्हणजेच कोणाविरुद्धही काहीच बोलत नाही. सरकार पक्षाने मांडलेला हेतू पैशाचा आणि आई-वडिलांविषयीच्या रागाचा होता, आणि पोटच्या मुलांनी त्याच दोन कारणांसाठी केलेले खून आपल्या वर्तमानपत्रांत नित्य येत असतात. आमची मुलगी दत्तक आहे. ती आता वाचायला लागली आहे, आणि ‘रक्ताचे नाते नव्हते म्हणून’ हे शब्द तिने कुठल्याही चर्चेत वाचू नयेत असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने दत्तक अपत्याला दत्तकविधीच्या दिवसापासून त्या घरचे अपत्य मानले आहे. पुराव्याचा कीस काढताना आपणही तेवढे मानावे.

कलमदान

ओसरी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि मूळ प्रश्नाकडे वळतो.

परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी आपल्याकडे ज्या निकालाने पक्की केली, तो पुण्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूचा आहे: शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1984. तिथेही प्रश्न हाच होता की हा खून की आत्महत्या. सर्वोच्च न्यायालयाने पाच तत्त्वे सांगितली, ज्यांना वकील मंडळी ‘पंचशील’ म्हणतात. प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध व्हावी, ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असावी, निर्णायक असावी, दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद करावी, आणि साखळी कुठेही तुटलेली नसावी. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी इथे फार महत्त्वाची आहे. आरोपीचा खुलासा खोटा ठरला, तर तो आधीच पूर्ण असलेल्या साखळीला जास्तीची कडी म्हणून जोडता येतो. साखळीतली हरवलेली कडी भरून काढायला तो वापरता येत नाही. आत्महत्येची शक्यता बाद होत नाही म्हणून त्या खटल्यात पती निर्दोष सुटला.

ही मोजपट्टी एसेक्सला लावली तर? सायलेन्सर गृहीत धरला, तर शीलाची शक्यता पूर्ण बाद होते आणि साखळी जुळते. तो काढला, तर शीलाची स्वच्छ पावले, शाबूत नखे आणि शिशाचा अभाव उरतो. या गोष्टी तिची शक्यता फार क्षीण करतात. पण ‘फार क्षीण’ आणि ‘बाद’ यांत अंतर आहे, आणि ‘असू शकेल’पासून ‘असलेच पाहिजे’पर्यंतचे ते अंतर फार लांबचे आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या शिवाजी बोबडे खटल्यात बजावले आहे.

मात्र इथे एक असामान्य बाब आहे, जिचा विचार आतापर्यंत कोणी केलेला दिसत नाही. एरवी आरोपी म्हणतो, ‘मला ठाऊक नाही, कोणी तिऱ्हाइताने केले असेल.’ जेरेमीने ते दार स्वतःच लावून घेतले. वडिलांचा फोन आला हे खरे असेल, तर बंदूक शीलाच्या हातात होती. तो आला नसेल, तर खुनांचा शोध लागण्यापूर्वीच जेरेमीने तो रचला, आणि तसे रचण्याला निरपराध कारण असूच शकत नाही. म्हणून हा खुलासा नुसती जास्तीची कडी राहत नाही. सगळा खटला त्या फोनवर येऊन ठेपतो.

इंग्लंडमध्ये अपील न्यायालय ‘हा माणूस दोषी आहे का’ असे विचारत नाही, ‘हा दोषनिर्णय सुरक्षित आहे का’ असे विचारते. 2002 मध्ये पाचशेहून अधिक परिच्छेदांचे निकालपत्र देऊन त्यांनी तो सुरक्षित मानला, आणि आपण प्रकरण जितके खोलात पाहिले तितके ज्यूरीचे बरोबर असावे असे वाटत गेले, असा अभिप्रायही दिला. 2012 मध्ये फौजदारी खटल्यांच्या पुनर्विलोकन आयोगाने प्रकरण अपील न्यायालयाकडे पुन्हा पाठवण्यास नकार दिला. 2021 मध्ये नवा अर्ज दाखल झाला.

रानजाई

ओसरी, दोघेही दत्तक होते हा मुद्दा निर्विवाद आहे. माझ्या युक्तिवादातून ते वाक्य वगळून वाचावे, बाकी काहीच बदलत नाही. कलमदान, तुमची मांडणी स्वीकारली तरी फोन खरा असण्याची शक्यता स्वयंपाकघरातल्या त्या झटापटीपुढे कशी टिकते, हे कोणी सांगितलेले नाही.

पिंपळपान

कलमदान यांनी प्रश्न फोनपाशी आणला, तो योग्यच आहे. बचाव पक्षाने पुढे आणलेला नव्या काळातला सर्वांत महत्त्वाचा कागद तिथलाच आहे. पहाटे 3 वाजून 26 मिनिटांच्या पोलीस नोंदीत मजकूर अशा शब्दांत आहे की जणू नेव्हिल बॅम्बर स्वतःच आपली मुलगी बेभान झाली असून तिने आपली एक बंदूक घेतल्याचे सांगत आहेत. जेरेमीच्या फोनची दुसरी, वेगळ्या वेळेची नोंद आहे. म्हणून फोन दोन झाले आणि त्यांतला एक वडिलांचा होता, असा त्यांचा दावा. तो टिकला असता तर जेरेमी त्याच दिवशी सुटला असता. पण त्याच कागदावर खाली, हा निरोप श्री. बॅम्बर यांच्या मुलाने फोन तुटल्यावर कळवला, असेही लिहिलेले आहे. नेव्हिल यांच्या तोंडचे शब्द मुलाने सांगितले आणि हवालदाराने ते जसेच्या तसे टिपले, एवढ्यानेच त्या नोंदीचा पूर्ण उलगडा होतो.

त्यामुळे माझे मत असे आहे: जेरेमीने हे खून केले असे मला वाटते, आणि ते वाटणे रानजाई यांनी सांगितलेल्या पावलांवरून, नखांवरून आणि शिशावरून आलेले आहे. पण सायलेन्सर वजा केला तर सारडा निकालाच्या कसोटीवर मी त्याला शिक्षा देऊ शकणार नाही, आणि 1996 मध्ये जो मुद्देमाल नष्ट झाला तो आज हाती असता तर हा प्रश्न एव्हाना प्रयोगशाळेत सुटू शकला असता. 1994 मध्ये गृहमंत्र्यांनी त्याची शिक्षा मरेपर्यंतची केली. अशा शिक्षेला फेरविचाराची सोय हवी, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2013 मध्ये ज्या तीन कैद्यांच्या अर्जांवर सांगितले, त्यांत तोही होता. तो फेरविचार शिक्षेचा आहे. दोषाच्या फेरविचारासाठी 2021 च्या अर्जातल्या प्रत्येक मुद्द्यावर आयोगाने लेखी, कारणांसह उत्तर द्यावे, आणि उरलासुरला प्रत्येक कागद बचाव पक्षाला पाहू द्यावा. त्या पाच जणांसाठीही तेच योग्य होईल.