हलक्या, लवचीक रोबोट भुजेची टक्कर कशी ओळखावी? सल्ला हवा

वाळूज_वर्कशॉप:
वाळूज एमआयडीसीतील आमच्या छोट्या युनिटात लेथवरून उतरलेले 300 ग्रॅमचे बुश (पोकळ नळीसारखे धातूचे भाग) ट्रेमध्ये ठेवण्यासाठी आम्ही आडवी फिरणारी भुजा बनवली आहे. भुजा म्हणजे 600 मिमी लांब, 40 मिमी रुंद, 3 मिमी जाड, कडेवर उभी धरलेली ॲल्युमिनियमची पट्टी असून टोकाला 100 ग्रॅमचा ग्रिपर (पकडणारा पंजा) आहे. मोटरचा करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भुजा थांबते. मात्र थंडीत सकाळच्या पाळीला ती कशालाही न धडकता थांबू लागली, म्हणून मर्यादा वाढवली; तर काल ग्रिपर ट्रेच्या कडेला अडकला, पट्टी धनुष्यासारखी वाकली, तरी मोटर फिरतच राहिली. टॉर्क (फिरवणारा जोर) मोजणारे सेन्सर असलेला तयार रोबोट परवडणारा नाही. काय करावे?

गोदाकाठ_नांदेड:
मर्यादा कमी-जास्त करून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्या पट्टीचा ताठपणा टोकाशी मीटरला साधारण 87 न्यूटन भरतो, म्हणजे ग्रिपर अडकल्यावर मोटरने टोकाला सेंटिमीटरभर पुढे रेटले तरी दाब जेमतेम 0.9 न्यूटन होतो आणि तो गिअरबॉक्सच्या घर्षणात बुडून जातो. थंडीत ग्रीस घट्ट झाले की हेच घर्षण वाढते. सकाळच्या खोट्या थांब्यांचे कारण बहुधा तेच असावे. ज्या लवचीकपणामुळे भुजा सौम्य आहे, तोच मोटरपासून टक्कर लपवतो.

म्हणून मोजमाप गिअरबॉक्सच्या पुढे, पट्टीच्या मुळाशी घ्यावे. दोन्ही बाजूंना दोन-दोन स्ट्रेन गेज (पट्टी किती ताणली-दबली ते मोजणारे, चिकटवायचे सेन्सर) लावून चौघांचा मिळून पूर्ण ब्रिज परिपथ जोडावा, म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्याचा परिणामही बराचसा आपसांत कटतो. गेजचा क्षीण संकेत आकड्यांत बदलायला वजनकाट्यातले एचएक्स711 मॉड्यूल चालेल, पण ते सेकंदाला 10 नव्हे, 80 नमुन्यांवर ठेवावे.

अलेसांद्रो दे लुका आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन संस्थेच्या हलक्या भुजेवर मोमेंटम ऑब्झर्व्हर, म्हणजे संवेगाच्या हिशेबाने टक्कर ओळखणारी पद्धत, वापरून दाखवली. त्यात त्वरण काढावे लागत नाही. मोजलेल्या टॉर्कवरून संवेग किती असायला हवा आणि प्रत्यक्षात किती आहे, यातील तफावत म्हणजेच बाहेरचा धक्का. आपल्याकडे टोकाचा वेग काढताना एन्कोडरने (मोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरने) दिलेल्या कोनात गेजवरून आलेले वाकणे मिळवावे.

जालना_मेंटेनन्स:
वरील सल्ल्यात एक भर. गेजला टक्कर दिसते तशीच भुजेची स्वतःची थरथरही दिसते. हिशेबाने आपली पट्टी रिकामी असताना सेकंदाला सुमारे 3.9 वेळा, तर बुश धरल्यावर 2.2 वेळा झुलेल. त्यामुळे भुजेला हलण्याची आज्ञा दोन निम्म्या भागांत, अर्ध्या आवर्तनाच्या अंतराने द्यावी, म्हणजे दुसऱ्या भागाची थरथर पहिल्याची थरथर खोडते: बुशसह 0.23 सेकंद, रिकामी असताना 0.13. थरथर शमली की मर्यादा निर्धास्त खाली आणता येते. मात्र मुळाजवळ लागलेला धक्का गेजला क्षीणच दिसतो, तेवढ्या भागाला जाळी लावावी. माणूस जवळ काम करणार असेल तर माणसाजवळ चालणाऱ्या रोबोटांच्या सुरक्षेसाठीच्या 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 मधील, बोटे दाबली जाण्याची 140 न्यूटनची मर्यादा लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) तपासूनच सुरुवात करावी.

वाळूज_वर्कशॉप:
बुश लावून टोक हाताने ओढून सोडले आणि मोबाइलवर चित्रीकरण करून मोजले. 20 झोके साडेबारा सेकंदांत झाले, म्हणजे 1.6 च, हिशेबाच्या 2.2 पेक्षा बरेच कमी.

जालना_मेंटेनन्स:
पट्टी मुळाशी पक्की धरलेली नसणार. गेज चिकटवण्याआधी क्लॅम्पचे बोल्ट पाहा.

वाळूज_वर्कशॉप:
चारपैकी दोन बोल्ट ढिले निघाले. आवळल्यावर 20 झोक्यांना साडेनऊ सेकंद लागतात. उद्या गेज लावतो.